जीवनाचे लेखक, वाचक आणि संपादक : संश्लेषी जीवशास्त्र आणि लोकसंवादाची भाषा

'सिंथेटिक बायॉलॉजी' या ज्ञानशाखेला मराठीत अद्याप एकच स्थिर नाव मिळालेले नाही. कोणी 'कृत्रिम जीवशास्त्र' म्हणतो, कोणी 'संश्लेषी जीवशास्त्र', तर पुष्कळदा इंग्रजी नावच देवनागरीत छापून वेळ निभावली जाते. एकाच वस्तूची ही तीन नावे आहेत असे वरवर वाटले, तरी वाचकाच्या मनावर होणारा त्यांचा परिणाम सारखा नाही. 'कृत्रिम' हा शब्द मराठीत हास्याला लागला की खोटेपणा सुचवतो, पावसाला लागला की मानवी प्रयत्न सुचवतो आणि गाईम्हशींच्या 'कृत्रिम रेतना'त तर तो शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराचा, भीतीचा लवलेश नसलेला शब्द होऊन बसला आहे. 'संश्लेषण' हा 'विश्लेषणा'चा जोडीदार. तो परिभाषेच्या कोशातून आला आणि बहुतांशी तेथेच राहिला. पेशीतील जनुकांची रचना अभियंत्याच्या पद्धतीने आखायची, त्यासाठी लागणारा डीएनए रसायनांपासून जुळवायचा आणि सजीवाकडून आधी ठरवलेले काम करून घ्यायचे, असा या शाखेचा उद्योग आहे. तो लोकांपुढे मांडताना यांपैकी कोणता शब्द निवडायचा हा निर्णय केवळ भाषांतरकाराचा राहत नाही. श्रोत्याने कोणता प्रश्न विचारावा, हेही त्या निवडीत काही अंशी ठरून जाते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या शाखेचा लोकांशी झालेला संवाद हा माहितीच्या देवघेवीपेक्षा रूपकांच्या वाटाघाटींचा इतिहास आहे. शास्त्रज्ञ बोलायला लवकर शिकले आणि काही वेळा फारच चांगले शिकले. परंतु बोलण्याची भाषा कोणती असावी हे ऐकणाऱ्याने ठरवावे, असे प्रसंग मोजकेच आले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात रस वाटावा, याचे कारण त्यातील मध्यवर्ती रूपके आपल्याच क्षेत्रातून उचललेली आहेत : ग्रंथ, लिपी, लेखक, वाचन, संपादन.

ही शाखा एकविसाव्या शतकात जन्मली असा समज रूढ आहे, पण तिचे नाव जुने आहे. स्तेफान ल्यदुक या फ्रेंच वैद्यकाने १९१२ मध्येच 'संश्लेषी जीवशास्त्र' अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला. क्षारांच्या द्रावणात वाढणाऱ्या, वनस्पतींसारख्या दिसणाऱ्या रासायनिक आकृती हा त्याचा विषय होता. त्याआधी १८९९ मध्ये जाक लोब यांनी समुद्री साळिंदराच्या अफलित अंड्यांचा विकास केवळ द्रावणातील क्षारांचे प्रमाण बदलून सुरू करून दाखवला आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी ती बातमी जीवनिर्मितीची म्हणून छापली. १९०५ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन बटलर बर्क यांना रेडियम घातलेल्या मांसरसात सजीवांसारखे कण दिसले आणि तेही काही काळ जीवनाच्या उगमाचे साक्षीदार म्हणून गाजले. ते कण सजीव नव्हते, हे लवकरच स्पष्ट झाले. या तिन्ही प्रकरणांत वृत्तपत्रांना दोष देण्याची प्रथा आहे. तो दोष पूर्णपणे त्यांचा नाही. 'निर्मिती' हा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर पडतानाच त्याला धर्मग्रंथांचा वास लागलेला होता आणि शास्त्रज्ञांनाही तो नकोसा होता असे दिसत नाही.

पुढील अर्धशतकात निर्मितीचे रूपक मागे पडून लेखनाचे रूपक पुढे आले. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ मध्ये डब्लिन येथे दिलेल्या आणि १९४४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत आनुवंशिक द्रव्याला संकेतलिपीची उपमा दिली. ती उपमा इतकी रुजली की ती उपमा आहे हे लोक विसरले. डीएनएची 'अक्षरे', त्यांचे 'लिप्यंतर', प्रथिनांत होणारे 'भाषांतर' या संज्ञा आज पाठ्यपुस्तकांत रूपक म्हणून शिकवल्या जात नाहीत. २६ जून २००० रोजी व्हाइट हाउसमध्ये मानवी जनुकसंचाच्या पहिल्या आराखड्याची घोषणा करताना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ईश्वराने जीवन ज्या भाषेत निर्माण केले ती भाषा आपण शिकत आहोत, अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा दोन्ही रूपके एकत्र आली : ग्रंथ ईश्वराचा, वाचक शास्त्रज्ञ. त्याच वर्षी विज्ञानेतिहासकार लिली के यांचा, जीवनाचा हा ग्रंथ मुळात लिहिला कोणी असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा अभ्यासग्रंथ प्रकाशित झाला, हा योगायोग मार्मिक म्हणावा लागेल.

येथे थोडे विषयांतर करून भारतीय परिभाषेकडे पाहावेसे वाटते. 'क्रोमोसोम' या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ 'रंगकाया' असा आहे, कारण विशिष्ट रंगद्रव्य शोषणारा पेशीतील घटक म्हणून तो प्रथम डोळ्यांना दिसला. मराठीने आणि हिंदीने 'गुणसूत्र' हा शब्द स्वीकारला. ग्रीक शब्द काय दिसते ते सांगतो, आपला शब्द ते काय करते ते सांगतो. शिवाय 'सूत्र' म्हणजे धागाही आणि संक्षिप्त वचनही. त्यामुळे ग्रंथाचे रूपक पश्चिमेकडून आयात होण्याची वाट न पाहता आपल्या शब्दात आधीच दडून बसलेले होते. परिभाषेची अशी उदाहरणे लोकसंवादाच्या चर्चेत सहसा येत नाहीत.

लोकसंवादाच्या इतिहासातील खरा वळणबिंदू मात्र १९७० च्या दशकातील आहे. भिन्न जीवांच्या डीएनएचे तुकडे जोडणे शक्य होताच पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै १९७४ मध्ये एका जाहीर पत्राद्वारे काही प्रयोग स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे परिषद भरली. तिचा गौरव विज्ञानाच्या आत्मसंयमाचा आदर्श म्हणून होतो आणि तो अनाठायी नाही. पण तिची रचना पाहिली तर जवळजवळ सर्व निमंत्रित रेणवीय जीवशास्त्राच्या क्षेत्रातले होते आणि वार्ताहरांना प्रवेश होता तो परिषद संपेपर्यंत काहीही प्रसिद्ध न करण्याच्या अटीवर. चर्चा धोक्यांच्या तांत्रिक वर्गीकरणापुरती मर्यादित ठेवली गेली. लष्करी वापर किंवा मानवी जनुकांतील हस्तक्षेप असे विषय बाजूला राहिले. येथे लोकांना निष्कर्ष ऐकायचे होते, प्रश्न ठरवायचे नव्हते.

पुढच्याच वर्षी ही घडी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात विस्कटली. हार्वर्ड विद्यापीठाने अशा प्रयोगांसाठी विशेष सुरक्षेची प्रयोगशाळा उभारण्याचे ठरवले. विद्यापीठातल्याच काही जीवशास्त्रज्ञांनी, त्यांत जॉर्ज वाल्ड आणि रूथ हबर्ड हे दांपत्य होते, त्याला विरोध केला आणि प्रकरण नगरपरिषदेपुढे गेले. २३ जून १९७६ च्या सुनावणीत महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी आरंभीच शास्त्रज्ञांना बजावले की, येथे बसलेले बहुतेक लोक सामान्य आहेत. तुमची ती वर्णमाला, म्हणजे आद्याक्षरांची आणि संज्ञांची भाषा, येथे नको. त्या काळच्या वृत्तांतांत आणि नंतरच्या आठवणींत वेलुची यांची प्रतिमा प्राध्यापकांवर खार खाऊन असलेला एक नाटकी राजकारणी अशी उभी केलेली आढळते. ती सर्वस्वी खोटी नाही. १९७७ मध्ये याच गृहस्थांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्षांना पत्र लिहून आसपासच्या गावांत दिसलेल्या म्हणे विचित्र प्राण्यांचा या प्रयोगांशी काही संबंध आहे काय, याची चौकशी करण्याची विनंती केली होती. तथापि 'वर्णमाला नको' ही त्यांची मागणी हास्यास्पद नव्हती. जे ज्ञान स्वतःला लिपी म्हणवते, त्याला अक्षरशत्रूंच्या वतीने नव्हे तर दुसरी लिपी वाचणाऱ्या साक्षरांच्या वतीने विचारलेला तो प्रश्न होता.

त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. नगरपरिषदेने अशा संशोधनाला तात्पुरती स्थगिती देऊन एक नागरिक मंडळ नेमले. त्यात परिचारिका, अभियंता, व्यावसायिक, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते अशी माणसे होती. जनुक जोडण्याच्या क्षेत्रात काम करणारे कोणी नव्हते. या मंडळाने अनेक महिने दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांना बोलावून ऐकले, उलटतपासणीसारखी सत्रे घेतली, प्रयोगशाळा पाहिल्या. जानेवारी १९७७ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालाने संशोधनाला परवानगी देण्याची शिफारस केली, मात्र राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांहून काहीशा कडक अटींसह. आणि फेब्रुवारीत नगरपरिषदेने तसा नियम केला. अडाणी लोक विज्ञानाचा गळा घोटतील ही भीती खरी ठरली नाही. उलट १९८० च्या दशकापासून याच शहरात जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या दाटीने वसल्या. नियम निश्चित असल्याने त्यांना ते सोयीचेच गेले, असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. मंडळाचे एक सदस्य शेल्डन क्रिम्स्की यांनी १९८२ मध्ये या वादाचा सविस्तर इतिहास लिहिला. आपल्या दृष्टीने नोंद करायची ती एवढीच की, येथे भाषा शिकण्याचे ओझे दोन्ही बाजूंवर पडले. परिचारिकेला जीवाणूंच्या जाती समजून घ्याव्या लागल्या आणि नोबेल विजेत्याला परिचारिकेला पटेल असे वाक्य रचावे लागले.

संश्लेषी जीवशास्त्र आजच्या अर्थाने आकाराला आले ते २००० नंतर. जानेवारी २००० मध्ये 'नेचर'मध्ये पेशीत बसवलेल्या दोन जनुकमंडलांचे, एका आंदोलकाचे आणि एका कळीचे, शोधनिबंध प्रसिद्ध झाले. आता रूपक ग्रंथाचे राहिले नाही, विद्युतमंडलाचे आणि विटांचे झाले. एमआयटीमध्ये २००३ साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या अभ्यासवर्गातून २००४ मध्ये 'आयजेम' ही स्पर्धा निघाली. तीत प्रमाणित जनुकखंडांना 'बायोब्रिक' म्हणजे जैविक वीट असेच नाव आहे. वीट हे रूपक लोकांना आवडते, कारण वीट निरुपद्रवी असते आणि तिला पिल्ले होत नाहीत. जिवंत पेशीबद्दल हे म्हणता येत नाही, हे मात्र त्या रूपकाखाली झाकले जाते. आश्वासनांची भाषाही याच काळातली. यीस्टकडून हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाचे पूर्वद्रव्य बनवून घेण्याचे जे काम कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या गटाने २००६ मध्ये यशस्वी करून दाखवले, ते वर्षानुवर्षे या शाखेच्या लोककल्याणाचे प्रमाण म्हणून सांगितले गेले. २०१३ मध्ये औद्योगिक उत्पादनही सुरू झाले. पण वनस्पतीपासून मिळणारे औषध स्वस्त झाल्याने ते मागे पडले. कथेचा हा उत्तरार्ध सभांतून क्वचितच सांगितला जातो.

२० मे २०१० हा दिवस या इतिहासात सर्वाधिक चर्चिला गेलेला. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने सुमारे १०.८ लाख अक्षरजोड्यांचा एका जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच रसायनांतून जुळवून दुसऱ्या जातीच्या पेशीत बसवला आणि ती पेशी त्या संचानुसार वाढू लागली. घोषणा करताना व्हेंटर यांनी जिचा जनक संगणक आहे अशी ही पृथ्वीवरील पहिली जाती, अशा आशयाचे वाक्य वापरले. पेशीचे कवच, तिचा द्रव, तिची सारी यंत्रणा जुन्या जीवाणूची होती आणि संचही मूळ जीवाणूच्या संचाची बव्हंशी प्रतिकृती होता. प्रतिलिपीकाराने स्वतःला ग्रंथकार म्हणवावे तसा हा प्रकार होता. विरोधी गटांनी तर २००७ मध्येच, जीव अस्तित्वात येण्यापूर्वीच, त्याला 'सिंथिया' असे घरगुती स्त्रीनाम देऊन ठेवले होते. रूपकांच्या या लढाईत दोन्ही पक्ष तयारीनिशी उतरले होते, हे मान्य करावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील एक तपशील विशेष मोलाचा वाटेल. आपला जनुकसंच ओळखता यावा म्हणून व्हेंटर यांच्या गटाने त्यात काही 'जलचिन्हे' घातली. डीएनएच्या चार अक्षरांतून इंग्रजी वर्णमाला लिहिण्याची स्वतंत्र सांकेतिक पद्धत त्यांनी तयार केली आणि तिच्यात संशोधकांची नावे व तीन अवतरणे गुंफली. त्यांपैकी एक जेम्स जॉइस यांच्या कादंबरीतले होते आणि एक रिचर्ड फाइनमन यांचे म्हणून घेतलेले. व्हेंटर यांनी नंतर सांगितले त्याप्रमाणे जॉइस यांच्या वारसांकडून परवानगीविना अवतरण वापरल्याबद्दल पत्र आले; आणि फाइनमन यांचे वाक्य तर चुकीचे उतरवलेले निघाले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जतन झालेल्या त्यांच्या फळ्यावरच्या मूळ वाक्यात 'निर्माण करणे' हे क्रियापद होते, जीवाणूत मात्र 'बांधणे' हे गेले होते. पाठचिकित्सेच्या हजारो वर्षांच्या इतिहासात जिवंत प्राण्याच्या अंगात शिरलेला अपपाठ बहुधा हा पहिलाच. तो जीवाणू विभागत राहिला आणि प्रत्येक विभाजनात चुकीचे वाक्य जसेच्या तसे उतरत गेले. चूक दुरुस्त करू, असे गटाने जाहीर केले. लेखनाचे रूपक गंभीरपणे घेतले की लेखनाची सर्व पापेही पदरात येतात : उसनवारी, हक्कभंग, प्रमाद.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आपल्या जैवनीतिशास्त्र आयोगाला अभ्यास करण्यास सांगितले. डिसेंबर २०१० च्या अहवालातील अठरा शिफारशींपैकी एक खास भाषेविषयीची आहे : या शाखेबद्दल केल्या जाणाऱ्या दाव्यांची, शास्त्रज्ञांच्या आणि विरोधकांच्याही, स्वतंत्र पडताळणी करणारी व्यवस्था असावी आणि 'देवाची भूमिका घेणे' यांसारखे सनसनाटी शब्दप्रयोग टाळावेत. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी संशोधन परिषदांनी नागरिकांशी दीर्घ चर्चा घडवली. त्यातून निघालेले प्रश्न ध्यानात राहण्याजोगे आहेत, कारण त्यांत एकही तांत्रिक शब्द नाही : हे कशासाठी? तुम्हाला ते का करायचे आहे? त्यातून तुम्हाला काय मिळणार? त्याने आणखी काय होईल? आणि तुमचे बरोबर आहे हे तुम्हाला कसे कळते? वेलुची यांनी १९७६ मध्ये मागितलेली वर्णमालेविना भाषा ती हीच असावी.

आपल्याकडे या विषयाचा शब्द दीर्घकाळ 'प्रसार' हा राहिला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेपासून केंद्र शासनाच्या 'विज्ञान प्रसार' या १९८९ ते २०२३ या काळात कार्यरत असलेल्या संस्थेपर्यंत अनेकांनी मोलाचे काम केले, ते कमी लेखण्याचा हेतू नाही. पण प्रसार एका ठिकाणाहून चोहीकडे होतो. त्याला परतीची वाट नसते. ती वाट अकस्मात उघडली ती वांग्यामुळे. ऑक्टोबर २००९ मध्ये नियामक समितीने बीटी वांग्याच्या लागवडीला अनुकूलता दर्शवल्यावर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळूर येथे जाहीर सभा घेतल्या. सुमारे ८,००० लोक आले. गोंधळ, घोषणा, आरोप सगळे झाले. ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर झाली. या सभा लोकशाहीचा विजय की विज्ञानाचा पराभव, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. भाषेच्या अंगाने पाहता एक गोष्ट लक्षणीय आहे. कपाशीच्या निमित्ताने २००२ पासून 'बीटी' ही दोन अक्षरे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने केव्हाच आपलीशी केली होती. थुरिंजिएन्सिस हा जीवाणू त्याला ठाऊक असो वा नसो, 'बीटी' म्हणजे कोणते बियाणे, त्याची पिशवी केवढ्याला आणि त्यावर बोंडअळी येते की नाही, हे त्याला ठाऊक होते. केंब्रिजच्या महापौरांनी नाकारलेली वर्णमाला त्याने बाजारातून उचलून मराठी करून टाकली होती.

याच सुमाराचा दुसरा प्रसंग फारसा परिचित नाही. २००९ च्या आयजेम स्पर्धेत बंगळूरच्या सृष्टी या कला व अभिकल्प संस्थेतील विद्यार्थ्यांचा संघ उतरला. ही मुले विज्ञानाची नव्हती. त्यांनी पेशीत बसवायला जे द्रव्य निवडले ते इंधन नव्हते की औषध नव्हते. ते होते जिओस्मिन, पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासाचा एक प्रमुख घटक. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या जीवाणूकडून तो वास काढून घ्यायचा, असा बेत. प्रकल्पाच्या शीर्षकात 'कविता' हा शब्द होता. 'जिओस्मिन' हे नाव १९६० च्या दशकात ग्रीक घटकांपासून घडवले गेले, 'माती' आणि 'वास'. मराठीत त्याचे शब्दशः भाषांतर करायला बसले तर 'मृद्गंध' हा आधीच रुळलेला शब्द हाती येतो. त्याच दशकात पहिल्या पावसाच्या वासावर लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियन रसायनज्ञांनी उत्तर प्रदेशातील अत्तरिये तो वास पूर्वीपासून कुपीत भरत आल्याची दखल घेतली होती. म्हणजे बंगळूरच्या मुलांनी परक्या विज्ञानाची ओळख लोकांना करून देण्याऐवजी लोकांच्या ओळखीची गोष्ट त्या विज्ञानापुढे ठेवली. स्पर्धेचा मेळावा भरला होता एमआयटीत, म्हणजे केंब्रिजमध्येच. तेहतीस वर्षांपूर्वी वर्णमालेवरून वाद झाला त्या नगरभवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गेल्या दशकात रूपक पुन्हा बदलले आहे. २०१२ नंतर हाती आलेल्या क्रिस्पर तंत्राला जगभर 'संपादन' म्हटले जाते. लेखक गर्विष्ठ वाटतो, अभियंता परका वाटतो. संपादक मात्र विश्वासाचा, चार चुका दुरुस्त करणारा गृहस्थ. हे रूपक आता नियमांतही उतरले आहे. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, ज्यांत बाहेरचे जनुक शिल्लक राहत नाही अशा दोन प्रकारच्या जनुकसंपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील प्रमुख तरतुदींतून सूट दिली आणि ४ मे २०२५ रोजी 'कमला' व 'पुसा डीएसटी राईस १' हे जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. वांग्याच्या वेळी भरल्या तशा सभा या वेळी भरल्या नाहीत. टीकाकारांनी सुरक्षिततेबरोबरच बौद्धिक संपदेचा, म्हणजे या बियाण्यावर अखेर हक्क कोणाचा राहणार, हा प्रश्न मांडला.

मराठीत हा प्रश्न शब्दातच आहे. 'संपादन' या शब्दाचा मूळ अर्थ मिळवणे, प्राप्त करून घेणे असा. ज्ञानसंपादन, धनसंपादन या जुन्या समासांत तो टिकून आहे. हस्तलिखितावर संस्कार करणे हा अर्थ पुढे छपाईच्या आणि नियतकालिकांच्या काळात रुळला. इंग्रजी वाचकाला जनुकांच्या बाबतीत त्या शब्दातून फक्त लाल शाईची लेखणी दिसते. मराठी शेतकऱ्याने 'जनुकसंपादन' हा शब्द प्रथम ऐकला, तर त्याला लेखणी आठवण्याचे काही कारण नाही. त्याच्या कानावर त्या घडणीचा जो शब्द वारंवार पडत आला आहे, तहसील कचेरीच्या नोटिशीत, धरणाच्या आणि महामार्गाच्या वेळी, तो 'भूसंपादन' हा आहे.